मधल्या फळीतला कॅमेरा

निकॉनचा एफ८० हा कॅमेरा २००० साली बाजारात आला आणि २००६ साली कंपनीने बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले तेव्हा तोही थांबला. अमेरिकेत तो एन८० या नावाने विकला गेला. ज्यांनी तो वापरला त्यांना त्याच्याविषयी विचारलं, तर ही माणसं एकाच यंत्राबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. एकाच्या मते फिल्मवर काम करायला याहून शहाणा कॅमेरा झाला नाही. दुसरा म्हणतो, अर्धवट कॅमेरा आहे, माझ्या लेन्सवर त्याचं मीटरच चालत नाही. तिसऱ्याला आठवते ती त्याची चिकट झालेली पाठ. तिघंही खरं बोलत असतात. ही मतं सलग ऐकत गेलं की लक्षात येतं, ती कॅमेऱ्याच्या गुणदोषांवर जेवढी ठरतात त्याहून जास्त एका वेगळ्याच गोष्टीवर ठरतात: त्या माणसाच्या कपाटात आधीपासून कोणत्या लेन्स होत्या?

त्या वेळी निकॉनच्या ऑटोफोकस कॅमेऱ्यांची उतरंड स्पष्ट होती. वर १९९६चा एफ५, बॅटरीशिवाय १२१० ग्रॅम, वृत्तपत्रांच्या आणि क्रीडा छायाचित्रकारांचा. त्याखाली एफ१००, ७८५ ग्रॅम, धातूच्या अंगाचा. तळाला नवशिक्यांसाठीचे एफ६० आणि एफ६५. एफ८० मधल्या फळीत उतरला, ५१५ ग्रॅम वजन घेऊन. पूर्ण यांत्रिक असलेला एफएम२सुद्धा याहून थोडा जड, ५४० ग्रॅमचा. जे एफ८० गळ्यात अडकवून डोंगर चढले किंवा दिवसभर शहरभर हिंडले, त्यांच्या बोलण्यात पहिला उल्लेख वजनाचा येतो, आणि त्यात नवल नाही.

मधल्या दर्जाच्या कुठल्याही यंत्राचा स्वभाव कळतो तो त्यातून काय वगळलं आणि काय ठेवलं यावरून. एफ१००चं शटर सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत जातं, एफ८०चं चार हजाराव्या. एफ१०० सेकंदाला ४.५ चौकटी ओढतो, एफ८० अडीच. एफ१००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा ९६ टक्के भाग दिसतो, एफ८०च्या ९२ टक्के. म्हणजे फिल्मवर उतरणारं सगळं डोळ्याला दिसत नाही, कडेचं थोडं झाकलेलंच राहतं. धातूच्या जागी बरंचसं प्लॅस्टिक आलं. आरसा आधी वर उचलून ठेवायची सोय दिली नाही, त्यामुळे तिपाईवर लांब लेन्स लावून संथ शटरने काम करणारे नाराज राहिले.

ठेवलं मात्र बरंच. पुढे आणि मागे अशा दोन चकत्या, एकीने शटरचा वेग आणि दुसरीने ॲपर्चर. दहा भागांचं मॅट्रिक्स मीटर, शिवाय स्पॉट मीटर. ॲपर्चर प्रत्यक्ष बंद करून खोली तपासायचं बटण. रोलच्या डबीवरचा संकेत बाजूला ठेवून आयएसओ हाताने बदलायची मुभा. शटरच्या बटणात फिरवून बसवायची साधी यांत्रिक केबल, जी एफ१००लाही चालत नाही. डोंगर, चेहरा, धावपटू अशी चित्रं काढलेल्या तयार पद्धती इथे नाहीत. फक्त पी, एस, ए आणि एम. माझ्या दृष्टीने हाच या कॅमेऱ्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. वापरणाऱ्याला छायाचित्रण कळतं असं गृहीत धरून तो घडवला आहे, आणि ज्याला कळत नव्हतं त्यालाही त्याने हळूहळू शिकवलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आपोआप फोकस करणारा पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला कॅमेरा कोनिकाचा सी३५ एएफ, १९७७चा. त्यातला फोकसचा भाग अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा होता. एसएलआर कॅमेऱ्यात हे काम अवघड होतं. १९८३ साली निकॉनने एफ३एएफ काढला, पण त्यासाठी मोटर बसवलेल्या खास लेन्स लागत. खरा बदल झाला तो १९८५ साली, मिनोल्टा ७००० आला तेव्हा. सेन्सर आणि मोटर दोन्ही कॅमेऱ्याच्या अंगात, आणि त्याभोवती लेन्सचा पूर्ण संच. तो तुफान खपला. पुढे हनीवेलने पेटंटचा दावा लावला आणि १९९२ साली मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

या कॅमेऱ्यांत फोकस कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. व्ह्यूफाइंडरकडे प्रकाश पाठवणारा मुख्य आरसा मध्यभागी थोडा पारदर्शक असतो. त्यातून पलीकडे गेलेला प्रकाश मागचा लहान आरसा खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी वळवतो. तिथे लेन्सच्या दोन विरुद्ध कडांतून आलेले किरण वेगवेगळ्या संवेदक पट्ट्यांवर पडतात. फोकस बरोबर असेल तर दोन्ही पट्ट्यांवरच्या प्रतिमा ठरावीक अंतरावर असतात. पुढे मागे असेल तर हे अंतर कमी किंवा जास्त होतं. त्यामुळे लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची हे कॅमेऱ्याला एका मोजणीतच कळतं, चाचपडावं लागत नाही. एफ८०मध्ये अशा पाच जागा आहेत: एक मध्यभागी, बाकीच्या वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे. मधली जागा आडवे आणि उभे दोन्ही तपशील वाचते. बाजूच्या जागांना एकाच दिशेचे तपशील कळतात, म्हणून त्या दिशेचे तपशील नसले की त्या अडखळतात. बहुतेक जुने मालक सांगतात की आम्ही मधल्याच जागेवर फोकस धरतो, बटण अर्धं दाबून ठेवतो आणि मग चौकट हलवतो. हा अनुभव यंत्राच्या रचनेशी अगदी जुळणारा आहे.

फोकस आपोआप व्हायला लागल्यावर प्रत्येक कंपनीपुढे एकच प्रश्न आला: लेन्स जिथे बसते तो माउंट बदलायचा का? मिनोल्टाने बदलला. कॅननने १९८७ साली ईओएस मालिकेबरोबर पूर्ण नवा माउंट आणला आणि मोटर लेन्समध्ये घातली. ज्यांनी कॅननच्या जुन्या एफडी लेन्स जमवल्या होत्या त्यांना त्या नव्या कॅमेऱ्याला लावता येईनात. निकॉनने १९५९चा एफ माउंट सोडला नाही. कॅमेऱ्यातली मोटर एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवेल अशी सोय १९८६च्या एफ५०१मध्ये केली, आणि नंतर हळूहळू लेन्समध्येही मोटर आल्या. जुन्या ग्राहकाला दिलेला शब्द पाळायची ही वृत्ती मला मनापासून आवडते. मात्र त्याची एक किंमत होती. एकाच तोंडाच्या लेन्स चार पिढ्यांच्या झाल्या, आणि कुठली लेन्स कुठल्या कॅमेऱ्यावर किती काम करेल हे सांगायला तक्ते लागू लागले.

त्या तक्त्यात एफ८०ची ओळ विचित्र आहे. १९७७ पासूनच्या निकॉनच्या हाताने फोकस करायच्या लेन्सना ॲपर्चरच्या कड्यावर एक कडा असते. ती कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीच्या कड्यातल्या एका खुंटीला ढकलते आणि मीटरला कळतं की ॲपर्चर किती टप्पे बंद होणार आहे. एफएम२ला ही खुंटी आहे, एफ१००ला आहे, एफ५लाही आहे. एफ८०मधून ती काढून टाकली. त्याचं मीटर लेन्समधल्या चिपकडून, विजेच्या संपर्कबिंदूंमधूनच माहिती घेतं. चिप नसलेली लेन्स लावली की मीटर गप्प. कॅमेरा एमवर ठेवून फोटो निघतो, फोकस जुळल्याची खूण व्ह्यूफाइंडरमध्ये उजळते, पण प्रकाशाचा हिशेब स्वतः करावा लागतो. वडिलांच्या किंवा काकांच्या जुन्या लेन्स वारशाने मिळाल्या म्हणून ज्यांनी एफ८० घेतला त्यांचा राग इथून येतो, आणि तो रास्त आहे. एका खुंटीसाठी कितीशी बचत झाली असेल? मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्याने एफ१००च्या विक्रीत वाटा मागू नये, हा हिशेब त्यामागे असावा असं मला वाटतं.

याच तक्त्याची दुसरी बाजू पाहिली की एफ८०चे चाहते का आहेत ते कळतं. २००० नंतर निकॉनने ॲपर्चरचं कडंच नसलेल्या जी लेन्स काढायला सुरुवात केली. त्या एफएम२वर लावल्या तर ॲपर्चर सर्वांत लहान छिद्रावर अडकून बसतं, म्हणजे जवळजवळ निरुपयोगी. एफ८०वर मात्र ॲपर्चर कॅमेऱ्याच्या चकतीने बदलतं, त्यामुळे त्या पूर्ण चालतात. लेन्समधली मोटर चालते. हाताची थरथर कमी करणारी व्हीआर यंत्रणाही चालते. निकॉनची एसएलआरसाठीची पहिली व्हीआर लेन्स, ८०-४०० मिमीची, एफ८०च्याच साली आली. १९९०च्या दशकातल्या नावाजलेल्या एफ९०वर किंवा त्याही आधीच्या एफ४वर व्हीआर चालत नाही. एफ८० बंद झाल्यानंतर पाच वर्षांनी, २०११ साली आलेली ५० मिमी एफ/१.८जी त्याच्यावर बसते, फोकस करते, मीटर देते. ज्यांच्याकडे पूर्ण चौकटीच्या डिजिटल निकॉनसाठी घेतलेल्या लेन्स आहेत त्यांच्यासाठी हा फिल्मकडे जायचा स्वस्त आणि सरळ रस्ता आहे. दोन्ही चकत्याही त्याच जागी, त्याच बोटांखाली. नवं काही शिकावं लागत नाही.

या रस्त्यालाही शेवट आहे. ॲपर्चर विजेने हलवणाऱ्या ई लेन्स एफ८०वर लावल्या की छिद्र सताड उघडंच राहतं. नव्या एएफ-पी लेन्सचा फोकस हाताचं कडं फिरवूनही हलत नाही, कारण ते कडंसुद्धा विजेवरच चालतं. लहान डिजिटल सेन्सरसाठीच्या डीएक्स लेन्सचं प्रतिमावर्तुळ फिल्मच्या चौकटीला पुरत नाही. ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्ससारखी एखादी कोपरे काळवंडून का होईना बरीचशी चौकट भरते, आणि काही मालक तो काळवंडलेपणा आवडून घेतात. ती आवड ज्याची त्याची.

फ्लॅशविषयीची तक्रार वेगळ्या लोकांकडून येते. एफ८०वर फ्लॅश वापरताना शटर सेकंदाच्या १२५व्या भागाहून जलद ठेवता येत नाही. घरात संध्याकाळी फोटो काढणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही. भर दुपारी अंगणातल्या मांडवात लग्न टिपणाऱ्याला जाणवतं. कडक उन्हात १०० आयएसओचा रोल आणि १२५चा वेग म्हणजे ॲपर्चर सुमारे एफ/१४. मुंडावळ्यांखालच्या सावलीत चेहरा उजळायला फ्लॅश मारायचा, तर कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या छोट्या फ्लॅशचा मार्गदर्शक अंक १२. त्याला १४ने भागलं की पूर्ण ताकदीने एक मीटरही प्रकाश पुरत नाही. त्या काळी व्यावसायिकांकडे असायचा तसा एसबी-२८, अंक ३६, लावला तर अडीच मीटर. तोच फ्लॅश एफ१००वर २५०च्या वेगाने आणि एफ/१०ने साडेतीन मीटर जातो. वराकडच्या आणि वधूकडच्या मंडळींना एका ओळीत उभं करायचं असेल तर हा एक मीटरचा फरक मोठा आहे. चेहऱ्यावरची सावली नुसती सौम्य करायची असेल तर अर्धी ताकदही पुरते, म्हणून हौशी लोकांचं भागलं. स्टुडिओच्या दिव्यांची तार जोडायला वेगळी जागाही एफ८०ला नाही. वर फ्लॅशच्या खाचेत अडॅप्टर बसवावा लागतो. पोटापाण्यासाठी फोटो काढणारे एफ१००कडे गेले ते अशा कारणांसाठी. प्लॅस्टिकची बॉडी हे त्यातलं लहान कारण होतं.

व्ह्यूफाइंडरमध्ये उभ्या-आडव्या रेषांची जाळी हवी तेव्हा आणायची सोय एफ८०ने दिली, आणि इमारती किंवा समुद्राचं क्षितिज टिपणाऱ्यांना ती फार आवडली. पूर्वी यासाठी आतली काच काढून दुसरी बसवावी लागे. ही जाळी द्रवस्फटिकाच्या पातळ पडद्यावर उमटते, फोकसच्या जागाही त्यावरच गडद होऊन दिसतात. या पडद्याला सतत थोडी वीज लागते. बॅटरी काढली की व्ह्यूफाइंडर मळकट, अंधूक होतो. जुन्या बाजारात बॅटरीशिवाय कॅमेरा डोळ्याला लावून पाहणारा गिऱ्हाईक हे बघून बुरशी समजून परत ठेवतो. बॅटरी घातली की तो लगेच स्वच्छ दिसतो.

बॅटरीवर मालकांचं एकमत आहे. दोन सीआर१२३ए लिथियम सेल लागतात. ते पेन्सिल सेलपेक्षा महाग, आणि लहान गावातल्या दुकानात मिळतीलच असं नाही. संपले की शटर दाबलं जात नाही, रोल पुढे सरकत नाही. एमबी-१६ नावाची पकड खाली लावली तर चार पेन्सिल सेलवर काम भागतं. वजन वाढतं, मोठ्या हातांना धरायला बरं पडतं. प्रवासाला निघताना सेलची एक जादा जोडी बॅगेत हवीच.

मेन्यूविषयीही बहुतेकांची एकच तक्रार आहे. जाळी, बटणांची कामं, मीटर किती वेळ जागं राहील, हे सगळं बदलता येतं, पण छोट्या पडद्यावर फक्त आकडे येतात. कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे पुस्तिकेशिवाय आठवत नाही. एकदा लावून ठेवलं की पुन्हा तिकडे जावं लागत नाही, हा त्यातला दिलासा. अंधारात फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा पांढरा आणि प्रखर आहे. नाटकाच्या तालमीत किंवा झोपलेल्या बाळाजवळ तो बंद केलेला चांगला, आणि त्यासाठी तो आकडा मात्र पाठ करून ठेवावा.

एफ८०चा सांगाडा डिजिटल युगातही चालत राहिला. फुजीफिल्मने २००२चा फाइनपिक्स एस२ प्रो त्याच्यावरच उभा केला. त्यात फिल्म कॅमेऱ्याचे दोन लिथियम सेल आणि डिजिटल भागासाठी चार पेन्सिल सेल असे दोन्ही लागत. कोडॅकचा डीसीएस प्रो १४एन, सुमारे १ कोटी ४० लाख पिक्सेलचा आणि फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, तोही याच अंगावर बसवला. एफ८०चा ढाचा व्यावसायिकांच्या कामाला कमी पडतो असं या दोन कंपन्यांना वाटलं नाही, हे त्याला प्लॅस्टिकचं खोकं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

राहिली चिकट पाठ. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांच्या पकडीवर आणि मागच्या दारावर हाताला मऊ लागणारा रबरासारखा लेप असे. वर्षं गेली की हवेतल्या ओलाव्याने त्याचे रासायनिक बंध सुटतात आणि तो बोटांना लागायला लागतो, धूळ धरतो. एफ१००लाही हे होतं. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ते लवकर होतं. त्याच हवेत लेन्सला बुरशीही लवकर येते. उपाय सोपा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन तो थर पूर्ण पुसून काढायचा. खाली टणक, चकचकीत प्लॅस्टिक निघतं. अक्षरांना आणि पडद्याच्या काचेला अल्कोहोल लागू द्यायचं नाही. यात कॅमेऱ्याचं काही बिघडत नाही, आणि चिकट पाठीमुळे विकणाऱ्याने भाव उतरवला असेल तर घेणाऱ्याचा फायदाच होतो.

मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा आपल्या शहरातल्या एखाद्या जुन्या कॅमेरा दुकानात एफ८० बघायला जायचं असेल, तर स्वतःची लेन्स आणि सेलची नवी जोडी घेऊन जावं. मागचं दार उघडून, लेन्स काढून, सर्वांत जलद वेगाने शटर मारत पडद्याच्या पाती वाकलेल्या नाहीत ना ते पाहावं. एक सेकंदाचा वेग कानाने ऐकावा. स्क्रूच्या लेन्सवर फोकस कुरकुरत नाही ना, दाराची कडी घट्ट बसते ना, आत सेल फुटून हिरवट डाग पडलेले नाहीत ना, हे तपासावं. कपाटात फक्त हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स असतील, तर एफ१००साठी थोडे पैसे साठवलेले बरे. डिजिटलसाठी घेतलेल्या जी लेन्स असतील तर एफ८० खुशाल घ्यावा.

पहिला रोल साधा कलर निगेटिव्ह असावा आणि प्रत्येक चौकटीचा वेग आणि ॲपर्चर वहीत टिपून ठेवावं, म्हणजे मीटर किती बरोबर आहे ते रोल धुऊन आल्यावर पडताळता येतं. एफ८०एस हा प्रकार मिळाला तर वहीची गरज नाही. दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत तो वेग आणि ॲपर्चर फिल्मवरच छापतो, आणि लॅबमधून येणाऱ्या निगेटिव्हवर ते आकडे भिंगाखाली वाचता येतात.